पात्रं आवडायलाच हवीत का?

महोदय,

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (स्थापना १८९३) आणलेली एक मानसशास्त्रीय थरारकथा परवा परत करत होतो. शेजारचे काका म्हणाले, "वाचलंय मी. एक माणूस धड नाही हो त्यात!" मला मात्र नेमकं त्यानंच धरून ठेवलं होतं. नवरा खोटारडा, बायको त्याहून कावेबाज, आणि गोष्ट सांगणाराच भरवशाचा नाही. दर दहा पानांनी आपण कुणाच्या बाजूचे, हे नव्यानं ठरवायचं! लोकलमध्ये तर खुनी सापडू नये असं चक्क मनात आलं. घाटकोपरला उतरायचं ते कुर्ल्याला उतरलो, आणि स्वतःचीच जरा धास्ती वाटली.

हे आपल्याला नवं थोडंच आहे? तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली रंगभूमीवर आलं. पैशासाठी बापाला मारहाण करणारी त्यातली भावंडं लळा लागावा म्हणून लिहिलेली नव्हतीच. त्या मानानं हल्लीचे खलनायक सोवळेच म्हणायचे.

प्रकाशकांना एक विनंती. मुखपृष्ठावर 'धक्कादायक शेवट' छापू नका. निम्मा धक्का तिथंच बसून जातो.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे