चोपड्याची मागची पानं

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गटाचा चोपडा परत करायचा आहे. तो नुसता हातात ठेवून निघून यावं असं वाटेना, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण बडोद्यात दर मार्च-एप्रिलमध्ये आमच्यासारखी काही घरं साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी होमस्कूलवाल्यांचा, म्हणजे आईबापच पाळीपाळीने मुलांना सांभाळतात असा, गट शोधत फिरतात, आणि प्रत्येकाला तुम्ही भेटालच असं नाही.

तुमच्याआधी आम्ही जे गट पाहिले तिथे आम्हाला फोटो दाखवले गेले. रंगात बरबटलेले हात, कागदी मुकुट, कमाटी बागेतली सहल. "गेल्या वर्षी किती घरं सोडून गेली आणि का?" एवढं विचारलं की विषय बदलायचा. एका ठिकाणी लहान मुलीला एबीसीडी म्हणून दाखव म्हणाले, आणि ती गप्प राहिली तेव्हा तिच्यादेखत आईकडे बघून मान हलवली. ते तेव्हा लागलं, अजून लागतं. बाहेर पडताना कुणी तिला हात हलवून अच्छासुद्धा केलं नाही.

तुम्ही कारेलीबागेतल्या त्या खोलीत आम्हाला सतरंजीवर बसवलंत, माठातलं पाणी दिलंत आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर असतो तसा लाल कापडाचा चोपडा पुढे ठेवलात. आम्ही पहिलं पान उघडायला लागलो तर तो आमच्या हातातून घेतलात, उलटा फिरवलात आणि म्हणालात, "आधी मागची पानं वाचा. पुढे नुसती गाणी आहेत." आणि आम्ही निवांत वाचावं म्हणून उठून बाहेर गेलात.

मागच्या पानांवर वर्षभरात जे जे चुकलं ते होतं. कुठली घरं सोडून गेली, का गेली, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं नावं न घेता. आणि मधेच एका पानावर तुमच्या अक्षरात: "आज एका मुलावर माझा आवाज चढला. तो तीन दिवस माझ्याजवळ आला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने आणून दिलं." ते पान तुम्ही सहज फाडू शकला असतात. निदान परक्या माणसांच्या हाती देण्याआधी त्यावर कागद तरी चिकटवता आला असता. बाकी सगळं विसरलं तरी ते पान आमच्या लक्षात राहील. मोठ्या माणसाने आपली चूक लपवली नाही की समोरच्या लहान माणसाची लाज निम्मी होते, आणि मूल काय, आईबाप काय, त्या बाबतीत सारखेच.

आता त्या चोपड्याने आमचं काय काय वाचवलं, ते इतरांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट पाळ्यांची. आठवड्यात तीन दिवस गट, आणि दर दिवशी दोन मोठी माणसं हवीतच, कारण एक जण मुलाला शू-शीला घेऊन गेला की उरलेल्यांजवळ कुणीतरी पाहिजे. म्हणजे आठवड्याला सहा पाळ्या. घरं पाच असली तर सहावी पाळी कुणाची, यावरून दिवाळीपर्यंत भांडण ठरलेलं, आणि ती शेवटी ज्या आईला नाही म्हणता येत नाही तिच्याच गळ्यात पडते. तुमच्याकडची दोन घरं याच कारणाने गेली. सहा घरं असली की प्रत्येकी एक पाळी, हिशेब साफ. रावपुऱ्यात तीन घरांचा गट होता, आमची घरं तीन. तुमच्याच सांगण्यावरून त्यांना भेटलो. तुमच्या गटात जागा होती, तरी तुम्ही म्हणालात, "दांडिया बाजारातून रोज इथवर आणू नका, पोर अर्धा जीव रिक्षातच घालवेल." आपली जागा रिकामी ठेवून दुसऱ्याचा पत्ता देणारी माणसं किती असतात? ती असतात म्हणून गावं गावासारखी राहतात, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आजारपणाचं पान तर सगळ्यात जास्त दुमडलेलं होतं. ताप औषधाशिवाय उतरून २४ तास झाले की मगच यायचं. उलटी-जुलाब थांबून ४८ तास. नियम सगळ्यांनाच माहीत असतो. मोडतो तो कसा, हे तुम्ही लिहिलं होतंत: सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून मूल आणलं जातं, अंग गार लागतं, चार-सहा तासांत असर उतरतो आणि तोवर सगळ्यांनी एकाच भांड्यात हात घातलेले असतात. म्हणून "ताप आहे का?" असं न विचारता "शेवटचं औषध किती वाजता दिलं?" असं विचारायचं. या एका प्रश्नाने आमच्याकडे जूनपासून खूप काही टळलं.

खेळाची माती आम्ही अजून तुमच्याच मापाने करतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, आणि पाऊण वाटीपर्यंत पाणी, पण थोडं थोडं. उन्हाळ्यात हे माप बरोबर बसतं. जुलैत त्याच मापाचा चिकट गोळा होतो, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. तेव्हा पाणी कमी घालायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, दर आठवड्याला नवीन मळायचं. बोटाला कापलं-खरचटलं असेल त्या मुलाला त्या दिवशी नुसती कणीक द्यायची, मीठ झोंबतं. हे वाचून एक आई म्हणाली, इतकं बारीक कुणी सांगितलंच नव्हतं. खरंच कुणी सांगत नाही.

चिंचोके आणि राजमा भांड्यात ओतण्याचा खेळ तुम्ही खोडून बाजूला "पाणी" लिहिलं होतंत. नाकात घातलेला राजम्याचा दाणा ओलाव्याने फुगतो आणि मग घरी निघत नाही. घशात अडकू नये म्हणून द्राक्षं उभी चिरून चार फोडी, अख्खे शेंगदाणे डब्यात नाहीत. सव्वा इंचाच्या नळीतून आरपार जाईल ती वस्तू, जवळ मोठं कुणी नसताना, या वयाच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. आमच्या घरच्या आजीसुद्धा आता द्राक्षं उभीच चिरतात.

आणि लिहिण्याची घाई. दिवाळी झाली की एखादे बाबा पाटी काढतात, असं तुमच्या चोपड्यात तीन वेगवेगळ्या वर्षी आहे. बोटांत अजून बळ आलेलं नसताना पेन्सिल धरायला लावली की मूल ती मुठीत आवळतं, मनगट दुखतं, आणि मग वही दिसली की पळतं. त्याऐवजी कणीक मळणं, कागद फाडणं, दोरीवर चिमटे लावणं, स्पंजने बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत नेणं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वर्षांसाठी पाठ्यपुस्तक नको असंच आहे. गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. म्हणजे या वर्षात घाई कुणाची, हे आईबाबांनी एकदा शांतपणे स्वतःला विचारावं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक, एक गुजराती आणि एक मराठी, शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवत होते. आपल्या बडोद्याला तर ही जोडी आपलीच वाटायला हवी.

भाषेचंही तसंच. घरी मराठी, बाहेर ओट्यावर गुजराती. तुमचा सल्ला साधा होता: ज्या मोठ्याची जी भाषा, त्याने तीच बोलावी, आणि मुलाकडून भाषांतर करून घेऊ नये. नव्या भाषेत मूल महिनोन्महिने गप्प राहतं, आतल्या आत ऐकत असतं. आमच्यातली एक मुलगी सप्टेंबरपर्यंत गुजराती बाईंशी एक शब्द बोलली नाही. मग एके दिवशी त्यांच्या ताटलीतला ढोकळा बघून म्हणाली, "मने पण." बस, तेवढंच.

गट बघायला जाणाऱ्यांनी खाऊ संपायच्या सुमाराला जावं आणि पाऊण तास जमिनीवर बसावं, हेही तुमचंच. हात धुवायच्या रांगेत मुलं ढकलाढकली करतात तेव्हा मोठी माणसं काय करतात, रडणाऱ्या मुलाजवळ कुणी खाली बसतं की वरूनच बोलतं, ते तिथेच कळतं.

ताई, चोपडा गुरुवारी संध्याकाळी आणतो. तो सुती कापडात बांधून ठेवलाय, कोपरा एका पोराने चावलाय, त्याची क्षमा असावी. आमचाही एक चोपडा झाला आहे, लालच. मागून पहिल्या पानावर पहिली नोंद पडली: "आज हजेरीत एका मुलाचं नाव राहिलं. त्याने घरी जाऊन सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं." तोही बरोबर आणतो. तुम्ही वाचावा अशी इच्छा आहे.

आपली,
रावपुरा आणि दांडिया बाजारातली सहा घरं