चिलीतल्या एल्की खोऱ्यात बाबांना डोक्यावरचा अगस्तीचा तारा दाखवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

बेळगावला परत येऊन तीन आठवडे झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू लिहिलं तर तुम्ही हसायचा इमोजी टाकून "कशाला वो एवढं, गावचीच माणसं न्हवे" म्हणून विषय संपवलात. म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितोय, आता कसं थांबवताय बघतो. नाव लिहू नका म्हणालात, ते तेवढं पाळतो.

आधी त्या गोळ्यांच्या पिशवीचं. सँटियागोहून ला सेरेनापर्यंत बसनं आलो, साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर, सात तास, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर, आणि उतरताना बाबांची बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी वरच्या रॅकवरच राहिली. बस गेली पण. स्टँडवर आमचं इंग्लिश कुणाला कळेना, त्यांचं स्पॅनिश आम्हाला कळेना, काउंटरवरच्या माणसानं "उद्या या" असा हात केला आणि खिडकी लावून घेतली. तुमची आमची ओळख काय, तर मावशीच्या शेजाऱ्यांची लेक तिकडं दुर्बिणींच्या सॉफ्टवेअरचं काम करते, नंबर असू दे, एवढीच. फोन लावला आणि पाऊण तासात तुम्ही स्वतः स्टँडवर. कुणाकुणाला फोन केलेत, काय बोललात, आम्हाला कायच कळलं नाही, मध्येच "अय्यो" तेवढं ऐकू आलं आणि बायको म्हणाली आता काम होणार. रात्री नऊला पिशवी हातात. बाबांनी एकेक पट्टी मोजून घेतली, मास्तर होते ना.

खरं तर आमचा प्लॅन एका दिवसाचा होता. सकाळी खोरं बघायचं, दुपारी पिस्कोची, म्हणजे तिकडच्या द्राक्षाच्या दारूची भट्टी, संध्याकाळी परत. तुम्ही तो कागद बघून म्हणालात, "दिवसा काय बघणार, डोंगर? ते खानापूरला नाहीत काय?" आणि तीन रात्री राहायला लावलंत. भारतातनं निघायच्या आधीच "कालनिर्णय काढा आणि अमावस्येच्या आजूबाजूला या" हा मेसेज केला होतात, तो तेव्हा मला गंमत वाटला होता.

ला सेरेनाहून विकुन्या साठेक किलोमीटर. वाटेत धरण लागलं, पुक्लारोचं, वारा असा की बाबांची टोपी गेलीच असती. जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं आणि लोकांना वर नवीन वसवलं हे तुम्ही सांगितल्यावर बाबा हिडकल डॅमच्या गोष्टी काढून बसले, त्यात अर्धा तास गेला. पुढं नुसता डोंगर, गवताचं पातं नाही, आणि खाली नदीकाठाला द्राक्षांचे मळे असे हिरवेगार की कुणी करड्या चादरीवर हिरव्या लुगड्याचा काठ टाकावा.

मोंतेग्रांदेला थांबायचा आग्रह तुमचाच. कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल, १८८९ ला विकुन्यात जन्म, या मोंतेग्रांदेत वाढल्या, खेड्यातल्या शाळांत शिकवलं आणि १९४५ चं साहित्याचं नोबेल, लॅटिन अमेरिकेत पहिलं. त्यांची बहीण जिथं शिकवायची ती घर-शाळा अजून ठेवलीय. बाबांनी त्या बाकावरनं हात फिरवला, काही बोलले नाहीत. नंतर गाडीत म्हणाले, "बाईंच्या शाळेला पण एकच खोली होती की रे." बत्तीस वर्षं त्यांनीही तसल्याच शाळेत काढली. हा थांबा आमच्या कागदावर नव्हताच.

आता पिस्को. मी घेतो, बाबा माळकरी, त्यामुळं तिथं तुमची पंचाईत झाली असणार, पण तुम्ही त्यांना भट्टीच दाखवायला नेलंत. द्राक्षाची आधी वाईन करायची, मग तांब्याच्या भांड्यात तापवून वाफ धरायची, पहिली धार टाकायची, शेवटची टाकायची, मधली तेवढी ठेवायची. "म्हणजे चोर्ल्याच्या खाली काजूचं करतात तसंच," बाबा म्हणाले. मग माझ्या हातातला ग्लास घेऊन नुसता हुंगला आणि म्हणाले, "हुर्राकासारखा उग्र नाही हं वास." त्यांना हुर्राकचा वास कसा माहीत हे मी तिथं विचारलं नाही आणि घरी येऊनही विचारलेलं नाही.

पण खरा बेळगावी किस्सा गावाच्या नावाचा. पिस्को एल्कीचं आधीचं नाव ला उनियोन. पेरू म्हणतं पिस्को आमची, त्यांच्याकडं त्या नावाचं शहरच आहे. चिली म्हणतं आमची, १९३१ पासून त्यांनी अताकामा आणि कोकिंबो एवढ्याच भागातल्या द्राक्षाच्या दारूला ते नाव राखून ठेवलंय. मग आमच्याकडंपण त्या नावाचं गाव पाहिजे म्हणून १९३६ ला ला उनियोनचं पिस्को एल्की केलं! तुम्ही हे सांगताना हसत होता आणि आम्ही तिघं गप्प, मग एकदम सगळेच हसलो. गावाच्या पाटीवरनं दोन राज्यं भांडतात हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायला लागतंय होय?

रात्रीचं काय लिहू. विकुन्यापासून नऊएक किलोमीटरवर मामालुका, नगरपालिकेची वेधशाळा, १९९८ पासून लोकांसाठी उघडी. (नगरपालिकेची! आमच्याकडं पालिका रस्त्यावरचे दिवे वेळेवर बंद करेल तरी पुरे.) तुम्ही म्हणालात इथं दिव्यांवर कायदाच आहे, उजेड वर जाऊ द्यायचा नाही. समुद्रातनं थंड प्रवाह जातो म्हणून धुकं खालीच दबून राहतं, वर हवा कोरडी, म्हणून वर्षातल्या तीनशेहून जास्त रात्री स्वच्छ. पलीकडच्या डोंगरांवर ते मोठमोठे डोम, तोलोलोचा चार मीटर आरशाच्या दुर्बिणीचा, आणि पाचोनवरचा नव्या रुबिन दुर्बिणीचा, तिचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा. बायकोनं लगेच माझ्या फोनकडं बघितलं.

बाबा कानटोपी, मफलर, वरनं तुमचं जॅकेट असे खुर्चीत बसलेले. आधी म्हणाले ध्रुव कुठाय, तुम्ही म्हणालात काका इथं ध्रुव उगवतच नाही. मग मृग सापडला तर तो शीर्षासन करून उभा, व्याध जवळजवळ माथ्यावर. मग म्हणाले "ढग आले रे, चला", आणि तुम्ही म्हणालात, ते ढग न्हवेत काका, त्या दोन दीर्घिका आहेत, मॅजेलनचे ढग, बेळगावातनं सहसा दिसत नाहीत. ते कितीतरी वेळ तिकडंच बघत होते.

आणि मग तुम्ही अगस्ती दाखवलात. आमच्या गच्चीवरनं तो दक्षिणेला खाली, नारळाच्या झाडाला टेकल्यासारखा दिसतो. लहानपणी बाबा मला आणि शाळेतल्या पोरांना तो दाखवायचे, अगस्ती ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत ही गोष्ट सांगायचे. इथं तो मान वर केल्याशिवाय दिसेना. बाबा म्हणाले, "दक्षिणेला गेले ते इथं येऊन बसलेत बघ." आई गेल्यापासनं बाबा असे आपणहून कमीच बोलतात ताई. त्या रात्री दीड वाजेपर्यंत बोलत होते, तुमच्याशी जास्त, माझ्याशी कमी. तुम्हाला सकाळी कामावर जायचं होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पैशांचं विचारलं तर रागावलात, पेट्रोलचे पण घेतले नाहीत. बायको म्हणते निदान स्वेटर तरी विणून देते.

परवा आठच्या सुमाराला बाबा गल्लीतल्या पोरांना घेऊन गच्चीवर गेले होते. लाईट गेलेली होती म्हणून बरं. तुमचं जॅकेट अजून आमच्याकडंच आहे, चुकून बॅगेत आलं, बाबा धुवायला देत नाहीत. एप्रिलमध्ये भावाच्या ऑफिसातला एक जण सँटियागोला जातोय, त्याच्याकडं जॅकेट, दोन किलो कुंदा आणि मांडे देतो. मांडे मोडले तर रागावू नका, चव तीच असते.

तुमचा,
शहापूरचा दादा
(आणि काका, आणि वहिनी)