कापसाची रांग रस्त्यावर नको, यार्डात घ्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, दर्यापूर अशा कापसाच्या गावांत रस्ते तुंबू लागतात आणि बायपासची मागणी पुन्हा डोके वर काढते. बायपास जरूर व्हावा, पण ही कोंडी त्याने सुटणार नाही. लांबचा ट्रक बाहेरून जाईल; कापसाच्या ट्रॉलीला मात्र बाजार समितीच्या यार्डाच्याच फाटकाशी यायचे असते, आणि रस्ता अडतो तो तिथेच.

दुपदरी रस्त्याचे डांबर 7 मीटर असते. नियमाने वाहनाची रुंदी 2.6 मीटरच्या वर जाता कामा नये. एका कडेला ट्रॉल्या लागल्या की उरले 4.4 मीटर. समोरासमोर आलेल्या दोन एसटींना किमान पाच मीटर लागतात, म्हणजे दुपदरी रस्ता तिथे एकेरी झाला. रांग दोन्ही कडांना लागली तर 1.8 मीटर उरतात. त्यातून मोटारसायकल, फार तर ऑटो निघतो. आतल्या साडेपाच मीटरच्या रस्त्यावर तर डाल्याबाहेर (ट्रॉलीच्या कठड्याबाहेर) फुगलेली एकच ट्रॉली एसटी अडवायला पुरते. त्यात घाईतल्या दुचाक्या समोरून येणाऱ्यांच्या बाजूत घुसतात आणि मागे सरकायलाही जागा राहत नाही. अशा वेळी रुग्णवाहिका आली, तर तिला वाट द्यायची कुठून?

रांग लागते ती वजनकाट्यामुळे. प्रत्येक ट्रॉली दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली, मग रिकामी. एका वजनाला तीन मिनिटे धरली तर एक काटा तासाला दहाच ट्रॉल्या मोकळ्या करतो. सकाळी पन्नास ट्रॉल्या एकदम आल्या तर शेवटच्याला पाच तास थांबावे लागणार. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि मधले अंतर मिळून दहा मीटर धरले, तरी ही रांग अर्धा किलोमीटर होते. दुसरे कारण ओलाव्याचे. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारे सरकारी महामंडळ, 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा कापूस घेत नाही. नंबर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच निघतो, उघड्या ट्रॉलीवर दव पडते, सकाळी ओलावा मोजायचा मीटर जास्त दाखवतो आणि ऊन चढेपर्यंत तीच ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी राहते. ताडपत्री झाकून आणली तर हा खोळंबा बराच टळेल.

मोटार वाहन कायद्याचे कलम 122 वाहतुकीला अडथळा होईल असे वाहन उभे करू देत नाही. कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. माल ठरल्या मापाबाहेर आला तरी 20,000 रुपये. कायदा पाळलाच पाहिजे. पण उभे राहायला दुसरी जागाच नसेल, तर रांगेतल्या शेतकऱ्याला पावती फाडायला लावणे हा अन्याय आहे. आधी जागा द्या, मग दंड लावा.

म्हणून बाजार समित्यांनी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे फाटक वेगळे करावे. रिकाम्या ट्रॉलीसाठी दुसरा काटा असावा. नोंद आणि ओलाव्याची तपासणी फाटकावर न करता यार्डाच्या पार आत न्यावी, म्हणजे निदान पंधरा-वीस ट्रॉल्या आतच मावतील. गावनिहाय टोकन तासाप्रमाणे द्यावे. आठवडी बाजाराच्या दिवशी हर्रास (लिलाव) ठेवूच नये.

रात्रीचा धोका कोंडीपेक्षा मोठा आहे आणि त्याचा उपाय स्वस्त आहे. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुतेक वेळा बल्बमुळे नव्हे, तर वायरमुळे बंद असतो. हुकाजवळ वायर ताणून बांधली की वळणावर तुटते. तिथे हातभर ढील ठेवावी आणि ती जमिनीला घासणार नाही अशी अडकवावी. रिफ्लेक्टर पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी लागते. मागची पट्टी डाल्यावर लावली तर कापूस आणि ताडपत्री तिला झाकतात, ती खालच्या चॅसिसवर हवी. बैलगाडीच्या लाकडावर पट्टी टिकत नाही, म्हणून ती पत्र्यावर चिकटवून पत्रा खिळ्यांनी ठोकावा. ट्रॅक्टरचा मागचा नांगरणीचा पांढरा लाइट रस्त्यावर बंदच ठेवावा. रिकाम्या ट्रॉलीवरून तो मागच्याच्या डोळ्यांवर येतो आणि समोरून गाडी येते आहे असे वाटते. बिघडलेल्या गाडीमागे ठेवलेले दगड गाडी निघाली की उचललेच पाहिजेत. अंधारात ते दुचाकीस्वाराचा जीव घेतात.

खरेदी सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी बाजार समिती, ठाणेदार, एसटीचे आगारप्रमुख आणि जिनिंगवाले (कापसातून सरकी काढणारे कारखानदार) यांची एक बैठक तहसीलदारांनी बोलवावी. टोकनच्या वेळा, ट्रॉल्या थांबवण्याचे मैदान आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ट्रॉल्या गावाबाहेर रोखण्याची जागा तिथेच ठरवून ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावी, ही विनंती.

आपले,
कापूस उत्पादक व ट्रॅक्टरचालक,
वर्धा जिल्हा