विमानात बसलेलो नाही

ती. आई-बाबांना सा. न.

मी इथल्या एका आजोबांच्या ज्या घरी बांधलेल्या विमानावर काम करतो, त्यात बसलेलो नाही, हे आधीच लिहितो म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. त्याचे चाचणी-उड्डाणाचे ४० तास अजून भरायचेत आणि तोवर त्यात प्रवासी बसवायला कायद्यानेच बंदी आहे. मी जमिनीवर असतो, हातात पाना घेऊन. जेवणखाण वेळेवर चालू आहे.

इथली तऱ्हा फोनवर नीट सांगता आली नाही. फ्लोरिडात अशा वसाहती आहेत की घराला लागून मोटारीच्या गॅरेजसारखं विमानाचं हँगर असतं. सुट्टीच्या सकाळी माणसं दार उघडून विमान काढतात आणि घरासमोरच्या रस्त्यानेच धावपट्टीवर जातात. त्या रस्त्यावर आधी विमान जाणार, मोटारीने थांबायचं. पंखाला लागू नयेत म्हणून टपालाच्या पेट्यासुद्धा बुटक्या. आणि यातली कितीतरी विमानं घरी बांधलेली! निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असेल तर सरकार तपासून परवानगी देतं; फक्त आत शिरताना दिसेल असं ‘एक्सपेरिमेंटल’ लिहावं लागतं. नौपाड्यातल्या आपल्या गल्लीत हे डोळ्यांपुढे आणून बघा.

मी ज्या आजोबांकडे जातो त्यांनी आपल्या विमानात माझदा मोटारीचं १३बी इंजिन बसवलंय. बाबा, तुम्ही हे बघायला हवं होतंत. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, पोटात दोन जाड त्रिकोण फिरतात, त्यांनाच रोटर म्हणतात. सगळं मिळून १३०८ सीसी. जुनं इंजिन सुरू करताना पांढरा धूर टाकायचं, रेडिएटरमध्ये बुडबुडे यायचे. आतलं पाण्याचं सील गेलं होतं. ते उतरवून दुसरं चढवलं, तर ते मिसिंग करायला, म्हणजे अडखळत चालायला लागलं. पेट्रोलची लाइन तपासली. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब मोजला, तर दोन्ही रोटरचे तीन-तीन फुसकारे एकसारखे, म्हणजे आतून ठणठणीत. मग प्लगकडे वळलो. एका रोटरला दोन प्लग. इथल्या जोडणीत खालचे दोन्ही एकदमच ठिणगी देतात, त्यामुळे त्यांच्या वायरी उलटसुलट लागल्या तरी चालतं. वरच्यांना चालत नाही, आणि नेमक्या त्याच उलट होत्या. मीच लावल्या होत्या. ‘आधी बाहेरचं बघ, मग आत हात घाल,’ हे तुम्ही वागळे इस्टेटच्या शेडमध्ये किती वेळा सांगितलंत, तरी माझे दोन शनिवार गेले.

इंजिन एका सुरात चालू लागलं तेव्हा आजोबांनी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हटलं, बाबांच्या शेडमध्ये. शेड विकली हे नाही सांगितलं. लेथ नेला त्या दिवशी मी तिथे असायला हवं होतं, बाबा.

हप्त्याचे पैसे ५ तारखेपर्यंत जमा होतील. आईच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवतोय, ते हप्त्यात घालू नका. छोटीच्या साखरपुड्याचं तिकीट काढलंय. त्यामुळे गणपतीला जमत नाही. दोन्हींना रजा मिळत नाही. आई, रागावू नकोस, मोदकांची आठवण तुझ्याइतकीच मलाही येते. पनवेलच्या स्थळाला एवढ्यात ‘नाही’ असं कळवू नकोस, मला तिच्याशी एकदा बोलू दे.

आणि बाबा, मायक्रोमीटर सामानाबरोबर दिला नसलात तर माझ्यासाठी ठेवा.

तुमचा,
लेक