वहिनी, इथं पण आता दारोदार जाणाऱ्या ताया आहेत

प्रिय वहिनी,

फोन करावा तर तू एकतर सर्व्हेला गेलेली असतेस नाहीतर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मिटिंगला, म्हणून ह्यावेळी सरळ लांबलचक लिहूनच पाठवतेय, रात्री सगळं आवरलं की निवांत वाच. आई-बाबांना नमस्कार सांग. मी बरी आहे, थंडी आहे, दवाखान्यात काम भरपूर आहे.

मागच्या वेळी बोललो तेव्हा तू म्हणालीस की कुणीतरी तोंडावर म्हणलं, तुम्हा आशा सेविकांचं काय, नुसत्या फेऱ्या मारता आणि फॉर्म भरता. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून तुला इथलं एक सांगायचंय, नीट सविस्तर.

इथं लंडनमध्ये पिम्लिको म्हणून भाग आहे, त्यात चर्चिल गार्डन्स नावाची मोठी सरकारी वसाहत, महायुद्धानंतर बांधलेली, पार्लमेंटपासून फार लांब नाही. तिथं 2021 पासून काही बायका-माणसं दारोदार जातात, तुझ्यासारखीच. एकेकाकडं साधारण 120 घरं. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, बसायचं, विचारायचं काय चाललंय, लस राहिलीय का, बीपी कधी तपासलं, घरात ओल आहे का, भाड्याचं काही अडलंय का, म्हातारं माणूस एकटं आहे का. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, आसपासचीच ट्रेनिंग दिलेली माणसं. ही कल्पना त्यांनी आणली ब्राझीलवरून. इंपीरियल कॉलेजचे मॅथ्यू हॅरिस म्हणून डॉक्टर आहेत, ते आधी काही वर्षं ब्राझीलमध्ये डॉक्टर होते, तिथं त्यांनी हे बघितलं आणि म्हणले की हे आपल्याकडं का नाही. म्हणजे बघ, एवढा श्रीमंत देश, 1948 पासून सगळ्यांना दवाखाना फुकट, आणि त्यांना आता कळलं की दवाखाना नुसता उघडून ठेवून भागत नाही, कुणीतरी दारापर्यंत जायला लागतं.

तू म्हणशील फुकट आहे तर लोक येत का नाहीत. मलाही आल्या आल्या हेच वाटायचं. आमच्याकडं ईस्ट लंडनला येणारी बाई रात्री ऑफिसं झाडायचं काम करते, पहाटे घरी, मग पोरांना शाळेत सोडायचं, आणि डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन लावायचा, तो लागेपर्यंत लाइनीत थांबायचं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी इथं पंचविशीपासून चौसष्टीपर्यंत फुकट आहे, बोलावणं घरी येतं, पण इंग्रजीत. जिला वाचता येत नाही ती ते पत्र तसंच ड्रॉवरमध्ये टाकते. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट तर पोस्टाने घरी येतं, शौचाचा नमुना घेऊन परत पाठवायचा, पण हे कुणी शेजारी बसून समजावून सांगितलं नाही तर कोण करणार सांग. आणि मग आम्ही कॉम्प्युटरवर लिहितो की पेशंटने प्रतिसाद दिला नाही. मला त्या वाक्याचा फार राग येतो वहिनी.

वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते, त्यांनी 1971 मध्येच लिहून ठेवलं होतं की जिथं गरज सगळ्यात जास्त तिथंच चांगली सेवा सगळ्यात कमी पोचते, आणि सगळं बाजारावर सोडलं तर हे आणखीच वाढतं. इथं ते डोळ्यांनी दिसतं. ज्युबिली लाइन म्हणून मेट्रो आहे, पार्लमेंटच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनवर बसलं की वीस मिनिटांच्या आत कॅनिंग टाउनला, म्हणजे आमच्या न्यूहॅममध्ये. इथल्या लोकांनी आकडे मांडून दाखवलं होतं की त्या रस्त्यानं पूर्वेकडं येताना दर स्टेशनाला माणसाचं सरासरी आयुष्य जवळपास एकेक वर्षानं कमी होत जातं. मायकेल मार्मट म्हणून मोठे प्रोफेसर आहेत, त्यांनी 2010 मध्ये सरकारला ह्यावर अख्खा रिपोर्ट दिला, त्यात औषधांपेक्षा जास्त बोलणं आहे ते लहानपण, शिक्षण, नोकरी, पगार आणि घर ह्यांच्याबद्दल. दहा वर्षांनी 2020 ला परत बघितलं तर इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब भागातल्या बायकांचं आयुष्य वाढायचं सोडून कमी झालेलं.

घराचं म्हणशील तर एक गोष्ट सांगते, ती इथं सगळ्यांना माहितीय. रोचडेल नावाच्या गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये वारला. भाड्याच्या फ्लॅटला ओल, भिंतींवर काळी बुरशी, बापानं परत परत तक्रार केली, काही झालं नाही. 2022 मध्ये कोर्टाच्या चौकशीत स्पष्ट लिहिलं गेलं की मूल ह्या बुरशीमुळंच गेलं. आईबाप गप्प बसले नाहीत, त्यांच्यामागं लोक उभे राहिले, आणि 2023 मध्ये कायदा झाला, त्या मुलाच्या नावानंच ओळखतात तो, की सोशल हाउसिंगवाल्यांनी, म्हणजे स्वस्त भाड्याची सरकारी-संस्थांची घरं चालवणाऱ्यांनी, अशी धोकादायक ओल ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचीच. आम्ही दवाखान्यात पोराच्या छातीसाठी पंप देतो आणि परत त्याच भिंतीखाली झोपायला पाठवतो. ती भिंत कुणाला दिसते? जो घरात जातो त्याला. तुला चुलीचा धूर दिसतो, गळका पत्रा दिसतो, सासू सुनेला काय खाऊ घालते ते दिसतं. डॉक्टरला ह्यातलं काहीच दिसत नाही.

पिम्लिकोच्या कामात मला सगळ्यात आवडलं ते हे की ते सगळ्या घरी जातात, आजारी असो नसो. आपल्याकडं आशा कुठल्या घरी वळली की शेजाऱ्यांच्या नजरा वळतात, दिवस राहिले असतील नाहीतर टीबी निघाला असेल, आणि टीबीवाल्यांची तर सून दारातूनच तुला जा म्हणते हे तूच सांगितलंस. सगळ्यांकडंच जायचं म्हणलं की ही कुजबुजच संपते, आणि माणूस ओळखीचं झालं की मग लपवलेलं पण सांगतं. पहिल्या काही महिन्यांचे आकडे त्यांनी छापले, ज्या घरांत ह्या ताया पोचल्या तिथं लस घेण्याचं प्रमाण इतर घरांपेक्षा 47 टक्के जास्त आणि कॅन्सर वगैरे तपासण्यांचं 82 टक्के जास्त. छोटं काम आहे, थोडीच घरं आहेत, पण आता इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी सुरू झालंय.

आणि वहिनी, ती पूर्णवेळ पगारी नोकरी आहे.

इथं मला थांबून नीट सांगायचंय. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना पुरस्कार दिला, तुम्ही सगळ्या मिळून दहा लाख जणी, आपण किती खूश झालो होतो, दादानं स्टेटस ठेवलं होतं. आणि त्याच महिन्यात ब्राझीलनं काय केलं माहितीय, राज्यघटनेत दुरुस्ती केली की ह्या आरोग्यसेवकांचा पगार देशाच्या किमान वेतनाच्या दुपटीपेक्षा कमी असणारच नाही. राज्यघटनेत! एकाच महिन्यात एकीकडं पुरस्कार आणि एकीकडं पगाराची हमी. आपल्याकडं कागदावर तू अजून स्वयंसेविका, बाळाच्या सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, झोळीच्या काट्यावर वजन, ताप बघायचा, श्वास मोजायचे, आणि त्याचे 250 रुपये, ते पण कधी जमा होतील त्याचा भरवसा नाही. तुम्ही आझाद मैदानावर बसलात तेव्हा बाबा म्हणत होते कशाला जाते ही मुंबईला पोरं सोडून. त्यांना हे पत्र वाचून दाखव. पगार मागणं म्हणजे सेवाभाव कमी झाला असं नाही. जी बाई स्वतःच्या घरातलं किराणा बिल भागवायच्या काळजीत आहे तिनं दुसऱ्याच्या घरी जाऊन पोषण आहार सांगायचा हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ज्या भागाला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे तिथल्या आशांनी काम सोडलं की तिथलं मूल परत मागं पडतं.

आणि हे सगळं परदेशातून शिकायचं असंही नाही ना. तू ज्या सहा भेटी देतेस ती पद्धत आपल्या गडचिरोलीची, अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याच्या सर्च संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून दाखवलं की घरच्या घरी नवजात बाळं वाचवता येतात, 1999 मध्ये ते जगासमोर मांडलं, मग देशभर गेलं. आणि आपलं जामखेड! रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं 1970 मध्ये तिथं आलं, शाळा न शिकलेल्या बायकांना, त्यात ज्यांना गावात पाण्याला शिवू देत नव्हते अशा जातीतल्या पण, त्यांना आरोग्यसेविका केलं आणि सवर्णांच्या बाळंतपणालाही त्याच गेल्या. आजी सांगायची तेव्हा आपण ऐकून सोडून द्यायचो. इथं ट्रेनिंगमध्ये मॅडमनी जामखेडचं नाव घेतलं, मी हात वर करून सांगितलं की ते माझं गाव, आणि माझी वहिनी आज तेच काम करते. सगळे वळून बघायला लागले.

तर आता कामाचं. आमच्या भागात पण अशा ताया नेमाव्यात म्हणून आम्ही काही नर्सेस आणि वस्तीतल्या बायका मागे लागलोय. पुढच्या महिन्यात कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, आरोग्याच्या मिटिंगमध्ये मला पाच मिनिटं बोलायला मिळणार आहेत. पैसे कुठून आणायचे हेच सगळे विचारणार, त्याची तयारी केलीय. पण दारात गेल्यावर काय करायचं ते मला तुझ्याकडून हवंय. ज्या घरानं पहिल्यांदा दार लावून घेतलं तिथं परत कधी जातेस, आधी कुणाशी बोलतेस, सासूशी का सुनेशी, बीपी-शुगरचा तो तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म काढायच्या आधी काय विचारतेस, दारूबद्दल कसं विचारतेस. तुझ्या डायरीतल्या दोन-चार पानांचे फोटो पाठव, नावं झाकून हं, लोकांची माहिती बाहेर जायला नको. लिहायला वेळ नसेल तर व्हॉइस मेसेज टाक, वाटेत चालताना बोललीस तरी चालेल. तुझं म्हणून सांगू का तिथं, का नाव नको, तेही कळव.

आईची बीपीची गोळी संपायच्या आत आणायला लाव, मधे खंड पाडते ती.

तुझी,
नणंद