घोषणा लिहिणाऱ्या लेकीला

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चारही ओळी वाचल्या. ‘बाबा, खरं सांगा’ असं लिहिलं होतंस, म्हणून फोनवर ‘छान आहेत’ म्हणून वेळ मारून नेली नाही. यमक जुळतंय, ठसका आहे, रिक्षावर भोंगा लावून वाजवल्या तर लोकांच्या तोंडी बसतील. पण उमेदवार नगरपालिकेचा, प्रभागात पाणी दिवसाआड, आणि चारांपैकी तीन ओळींत राष्ट्र, भारतमाता आणि देशाचे शत्रू. पाणी एकाही ओळीत नाही. तुझे साहेब म्हणतात ‘इमोशनल कनेक्ट’ हवा. धंद्याच्या हिशेबानं ते बरोबर बोलतायत. देश म्हटलं की पाइपलाइनचं विचारायची माणसाला लाज वाटते, आणि त्यासाठीच तर तो शब्द तिथे आणून ठेवतात.

हे मी कुठल्या एका पक्षावर ढकलत नाही. सगळ्यांच्याच कार्यालयात हा माल मिळतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तो मात्र काँग्रेसच्या राज्यात, आणीबाणीत. शाळेत होतो तेव्हा. पुढे वाचत गेलो तसं कळलं की सुरुवात किती साध्या गोष्टीतून झाली होती.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हांनी इंदिराबाईंची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. आरोप काय सिद्ध झाले होते? सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूरांनी प्रचाराचं काम केलं, आणि सभांसाठी व्यासपीठं नि लाउडस्पीकरची सोय सरकारी यंत्रणेनं करून दिली. म्हणजे वाद एका मतदारसंघाचा, एका उमेदवाराचा. पंधरवडाही उलटला नाही तोवर २५ जूनच्या रात्री ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाखाली आणीबाणी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशवाणीवरून देशाला सांगण्यात आलं की खोलवर पसरलेलं कारस्थान शिजत होतं. व्यासपीठाचं प्रकरण देशाच्या अस्तित्वाचं होऊन बसलं. अशांतता नव्हतीच असं मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी रेल्वेचा संप झाला होता, आणि बेकायदा हुकूम पाळू नका असं जयप्रकाश नारायणांनी पोलिसांना नि लष्कराला जाहीर सभेत सांगितलं होतं. त्यावर वाद घालता आला असता. पण वाद घालायला वर्तमानपत्रं मोकळी हवीत, तीच आधी बंद केली.

काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणाले, ते तुम्ही मुलं आज मीम करून फिरवता. मला त्यांचं फारसं काही वाटत नाही. इतकं उघड बोललं की ऐकणारा हसतो तरी. भीती वाटते ती सोज्वळ शब्दांची.

विनोबांचं उदाहरण घे. २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारला त्यांचं वर्षभराचं मौन होतं. त्या काळात ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द त्यांच्या नावावर बाहेर आले, आणि सरकारनं ते उचलले. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी निवडलेला पहिला सत्याग्रही, भूदानासाठी पायी देश तुडवलेला माणूस, तोच आणीबाणीला शिस्तीचा काळ म्हणतोय म्हटल्यावर बोलणार कोण? आता महाभारतातलं अनुशासनपर्व काय आहे ते बघ. युद्ध संपलंय, भीष्म शरपंजरी आहेत आणि ते उपदेश करतायत युधिष्ठिराला. राजाला. प्रजेनं गप्प बसावं असं तिथे कोणी सांगत नाही. मौन सुटल्यावर विनोबांनीही खुलासा केला, की सत्तेचं ते शासन आणि आचार्यांचं ते अनुशासन. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचं संमेलन बोलावलं, आणि देश लवकर पूर्वपदावर यावा असं त्या मंडळींनी सांगितलं. हा खुलासा काही भिंतीवर चढला नाही. भिंतीवर पहिले दोन शब्दच राहिले.

तुझ्या आजोबांना आणीबाणी आवडली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल. ते ऑफिसला जायचे ती लोकल वेळेवर येऊ लागली, टेबलावर कारकून सापडू लागले, भाव खरोखर उतरले. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता, पण पावसाचं श्रेयसुद्धा शिस्तीलाच गेलं! आजोबा वाईट माणूस नव्हते, भाबडेही नव्हते. जी माणसं आत आहेत त्यांनी देशाचं काहीतरी वाकडं केलं असणार, एवढं त्यांनी गृहीत धरलं, बस्स. लाखाहून जास्त माणसं आत होती. त्यांत जयप्रकाश होते, ज्यांनी १९४२ च्या लढ्यात हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून इंग्रजांना गुंगारा दिला होता. तोच माणूस तेहतीस वर्षांनी देशाला धोका ठरला.

म्हणूनच मला दुर्गाबाई भागवतांचं कराडचं भाषण मोठं वाटतं. डिसेंबर १९७५, साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई आणि स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्याच, पण जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करायला लावली. जयप्रकाशांना नुकतंच सोडलं होतं, मूत्रपिंडं निकामी झाली होती, मुंबईत जसलोकमध्ये उपचार चालले होते. देश, एकता, अखंडता, शिस्त हे सगळे शब्द एका बाजूला आणि एका आजारी म्हाताऱ्याचं दुखणं दुसऱ्या बाजूला. त्याला उलट घोषणा कुठून आणणार? पुढे बाईंना तुरुंगात टाकलं, तो भाग वेगळा.

तू म्हणशील, मग देशाचं नाव कोणी घ्यायचंच नाही का? घ्यावं की. १९६५ मध्ये शास्त्रीजी ‘जय जवान, जय किसान’ म्हणाले तेव्हा धान्याची टंचाई होती, आणि त्यांनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. घरोघरी सोमवारी रात्री चुली पेटेनात, हॉटेलंही बंद राहू लागली. त्या घोषणेमागे काम होतं, ते सगळ्यांना सारखं होतं, आणि ज्याला पटत नव्हतं त्याला कोणी शत्रू म्हटलं नाही.

आता तुझी तिसरी ओळ, ‘देशाच्या शत्रूंना धडा शिकवू’. समोरचा उमेदवार कोण, हे तूच मागच्या रविवारी सांगितलंस. निवृत्त मुख्याध्यापक, टँकरच्या बिलांची माहिती अधिकारात मागणी करणारे. मग हा शत्रू कोण, सई? ओळीत ‘देश’ आहे तिथे तुझ्या उमेदवाराचं नाव घालून बघ. ‘अमक्यांच्या शत्रूंना धडा शिकवू.’ फ्लेक्सवर लावायची हिंमत होईल का साहेबांची? ‘देश’ घातला की तीच धमकी देशसेवा दिसते. आणि ते मुख्याध्यापक निवडणूक हरले तरी गल्लीतल्या पोरांनी त्यांच्या दारावर काय लिहून ठेवायचं, हे तू ठरवून दिलेलं असेल. सरकारवर टीका करणं म्हणजे राजद्रोह नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलंय. नगरसेवकावर टीका तर त्याच्याही खाली येते.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. फ्लॅटचा हप्ता मला माहीत आहे. पण चौथी ओळ, ‘तुमच्या दारात, तुमच्या हाकेला’, ती चांगली आहे. ती ठेव. तिच्या खाली नव्या टाकीचं काम कुठवर आलंय आणि कधी पुरं होणार ते लिहायला सांग. तारीख द्यायला उमेदवार का-कू करेल. तो का-कू करतोय हे तुझ्या साहेबांनाही एकदा दिसू दे. तिसरी मात्र काढच. साहेबांनी हट्ट धरला तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ देत.

आईचे गुडघे बरे आहेत, जिना मात्र अजून नको म्हणतात डॉक्टर. गणपतीला येणार असशील तर तिकिटं आत्ताच काढ, नंतर वेटिंगच मिळेल. आणि येताना माझ्या चष्म्याचं तेवढं बघ, तुमच्या इथल्या दुकानातली फ्रेम टिकली होती.

तुझा,
बाबा