आमच्या लायब्ररियन मॅडमना, जाहीर थँक्यू

मॅडम, नमस्कार.

हे तोंडावर बोललो असतो तर "अहो सर, त्यात काय एवढं, कामच आहे ते" म्हणून तुम्ही विषय तिथंच संपवला असता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. आणि आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या बाकी प्राध्यापकांनीही हे वाचावं असं फार वाटतं, कारण बऱ्याच कॉलेजात शिक्षक लायब्ररीत जातो तो पुस्तकांची मागणी यादी द्यायला, नाहीतर कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं की फाइलसाठी आकडे मागायला. शिकवायचं काम दोघांनी मिळून करता येतं हे मला तुमच्यामुळं कळलं.

यंदा टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, पोरांना द्राक्ष-बेदाण्याच्या अर्थकारणावर प्रोजेक्ट द्यायचा होता. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडची पोरं, कितीतरी जणांच्या घरी बाग, म्हणजे विषय त्यांच्या घरातलाच. मी तुमच्याकडं पुस्तकांची यादी मागायला आलो आणि तुम्ही विचारलंत, "यादी देते सर, पण पोरांनी शेवटी काय करून दाखवायचंय?" मग तिथंच काउंटरच्या मागं खुर्ची ओढून आपण अख्खी असाइनमेंट नव्यानं लिहिली. "माहिती गोळा करा" हे वाक्य तुम्ही खोडलंत आणि त्या जागी आलं की लोक ठामपणे बोलतात असं एखादं म्हणणं घ्या, समजा बेदाणा केला की द्राक्षापेक्षा पैसे जास्त सुटतात, आणि त्याला वेगवेगळ्या ठिकाणचा पुरावा शोधा, पुरावे जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते लिहा. शोधलं कसं याला वेगळे मार्क ठेवायचे हेही तुमचंच डोकं.

नंतर तुम्ही वर्गाला रॅकमधनं फिरवलंत ते मला अजून दिसतं. पोरांना वाटत होतं द्राक्षाची सगळी पुस्तकं एका जागी असणार. तुम्ही आधी 634.8 या विषय-क्रमांकाच्या रॅकसमोर उभं केलंत, द्राक्षाची लागवड, छाटणी, डावणी-भुरीसारखे रोग सगळं इथं. तिथनं 338.1 ला नेलंत, शेतमालाचं उत्पादन आणि भाव. मग 332.7, कर्ज. तासगावकडची एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे मॅडम, बाग एका रॅकात आणि बागंचं कर्ज दुसऱ्या रॅकात?" तुम्ही म्हणालात, "बरोबर, आणि तुला दोन्हीकडं जायचंय." तिचा विषय तिथंच ठरला, छाटणीच्या टायमाला काढायचं कर्ज आणि बेदाण्याच्या सौद्यात हातात येणारा पैसा यांच्यातलं अंतर. मी वर्गात फळ्यावर लिहून हे इतकं साफ सांगू शकलो नसतो.

दुसरा एक मुलगा सांगली जिल्ह्याचे 1951 च्या जनगणनेचे आकडे शोधत बसलेला, काही केल्या मिळेनात. तुम्ही नुसतं विचारलंत, "तेव्हा सांगली जिल्हा होता का?" 1949 ला जिल्हा झाला तो दक्षिण सातारा नावानं, सांगली हे नाव आलं 1960 ला, त्यामुळं 1951 चे आकडे दक्षिण साताऱ्यात बघायचे. त्याच्याही मागं जायचं असेल तर 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, तासगाव, वाळवा, खानापूर सापडतील पण सांगली-मिरज तिथं शोधू नका, ती संस्थानं होती, हेही सांगितलंत. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय हे पोरांना पेपरमधनं माहीत होतं, पण त्यासाठी केलेला अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडं सगळ्यांना वाचायला खुला असतो आणि त्यात पिकाचा इतिहास, भाग, पद्धत सगळं लिहिलेलं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तकाच्या बाहेरचा पुरावा म्हणजे काय हे पोरांना त्या अर्जावरनं समजलं.

आणि ते एआयचं प्रकरण. एका ग्रुपनं संदर्भांची लांबलचक यादी आणली, दिसायला एकदम पक्की. तुम्ही त्यांना ओरडला नाहीत, शेजारी बसवलंत आणि एकेक नोंद त्यांच्याकडनंच उघडून बघायला लावलीत. जर्नल खरं, पण त्या वर्षी तो व्हॉल्यूमच नाही. दुसऱ्यात व्हॉल्यूम बरोबर, पण त्या पानावर भलताच लेख. तिसऱ्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाकला तर कुठंच उघडत नाही. पोरांचे चेहरे उतरले, आणि मग तुम्ही लगेच खरे लेख कसे काढायचे ते दाखवलंत. प्रत्येकाचं एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन जर्नल-पुस्तकांच्या सोयीचं, लॉगिन चालू करून दिलंत, ज्याला पासवर्ड जमेना त्याच्या मोबाइलवर स्वतः करून दिलात, कारण जतकडच्या पोरांना शेवटची एसटी गाठायची असते, रीडिंग हॉलमध्ये बसायला त्यांना वेळच मिळत नाही. एन-लिस्टवर सहा हजारांवर जर्नल आहेत, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडनं कॉलेजांना अगदी थोड्या वर्गणीत मिळतात, आणि तरी कितीतरी कॉलेजात पोरांपर्यंत ते लॉगिन पोचतच नाही. आपल्याकडं पोचलं ते तुमच्यामुळं.

एक गोष्ट मनात खुपते ती पण लिहितो. यूजीसीच्या नियमात कॉलेज लायब्ररियन आणि असिस्टंट प्रोफेसर दोघांची सुरुवात पे लेव्हल 10 पासनंच होते, दोघांनाही नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते, तरी "टीचिंग स्टाफ" म्हटलं की लायब्ररियन धरायचे विसरतात, सिलॅबसवर चर्चा असली की बोलावत नाहीत. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्र ज्यांनी उभं केलं ते रंगनाथन स्वतः आधी गणिताचे प्राध्यापक होते, 1924 ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, आपण हार घालतो, फोटो काढतो. त्याच दिवशी प्रत्येक विभागानं लायब्ररियनसोबत बसून एक असाइनमेंट जरी ठरवली तरी पोरांचं भलं होईल, हे मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडणार आहे.

मॅडम, मनापासून आभार. स्टॉक व्हेरिफिकेशन, म्हणजे पुस्तकांची मोजणी, चालू असताना, हाताखाली माणूस कमी असताना तुम्ही माझ्या वर्गाला वेळ दिलात. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून आता दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं, आणि ती मागणी पोरांनी स्वतःहून केली.

पुढच्या सेमला विषय हळदीचा घ्यायचा म्हणतोय, मार्केट यार्डातले सौदे आणि साठवणुकीची जमिनीखालची पेवं. प्रश्न अजून लिहिलेले नाहीत, ते आपण मिळूनच लिहू. सोमवारी दुपारनंतर मला लेक्चर नाही, तुम्हाला जमत असेल तर येतो.

तुमचा,
अर्थशास्त्र विभागातला सहकारी, सांगली